कोपर दुखतंय? आधी पाय दाखवा

गॅसवरून दुधाचं पातेलं उचललं आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूने कळ मनगटापर्यंत गेली. पातेलं अर्धंच भरलेलं होतं. गेली अकरा वर्षं मी पुण्यात आठवड्यातून चार दिवस सकाळी टेनिस खेळतो. तासभर फोरहँड मारणारा हात अर्ध्या लिटर दुधाला नाही म्हणतो, हे मला उमगेना. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाकडे उपाय होता: पट्टा बांधा, रॅकेटच्या तारा सैल करून घ्या, बर्फ लावा, महिनाभर खेळू नका. महिनाभर थांबलो. दुखणं गेलं. कोर्टावर परतलो आणि पंधरा दिवसांत तेही परतलं.

डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं, टेनिस एल्बो. मनगट वर उचलणारे स्नायू एका कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. तिच्यावर सारखा ताण आला की ती आतून झिजायला लागते. सुतार, रंगारी, प्लंबर यांनाही हे दुखणं होतं आणि चाळिशी-पन्नाशीत ते जास्त दिसतं. ‘औषधाने कळ थांबेल, पण ती का आली ते कुणाकडून तरी तपासून घ्या,’ असं म्हणून त्यांनी मला एका फिटनेस ट्रेनरकडे पाठवलं.

ट्रेनर माझ्या मुलीच्या वयाची. मी बाही वर करून हात पुढे केला, तर ती म्हणाली, ‘‘काका, हात नंतर बघू. आधी बूट काढा आणि एका पायावर उभे राहा.’’

तो पाऊण तास मला फार शिकवून गेला. एका पायावर अर्धं बसताना माझा गुडघा आत वळत होता. खुर्चीवर बसून छाती उजवीकडे-डावीकडे वळवायला सांगितली, तर एका बाजूला चांगली वळायची आणि दुसऱ्या बाजूला लाकडासारखी अडायची. उजवा खांदा आतल्या बाजूला डाव्यापेक्षा कितीतरी कमी फिरत होता. रॅकेटच्या हाताचा खांदा वर्षानुवर्षं सर्व्हिस करून असा आखडतो, हे टेनिसपटूंमध्ये नेहमी आढळतं. मला मात्र अकरा वर्षांत ते कुणी सांगितलं नव्हतं.

सर्व्हिस हाताने होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्यातली साधारण निम्मी ऊर्जा पाय, खुबा आणि धड यांतून येते. जमिनीला दिलेला रेटा पोटरीतून मांडीत, मांडीतून खुब्यात, तिथून कंबर, खांदा, कोपर आणि मनगट असा चढत जातो. मधली एक कडी ढिली पडली तरी चेंडू पलीकडे जायलाच हवा असतो. मग कमी पडलेला जोर पुढची कडी भरून काढते, आणि पुढच्या कड्या आकाराने लहान असतात. माझ्या खुब्यांचं काम माझं कोपर करत होतं.

कोच आणि ट्रेनर यांतला फरक मला तेव्हा कळला. आमचे कोच चांगले आहेत, पण त्यांची नजर चेंडूवर असते. चेंडू उशिरा मारला तर ते ‘लवकर वळा’ म्हणतात. शरीर वळतच नसेल तर लवकर कसं वळणार, हा प्रश्न ट्रेनरचा. हौशी खेळाडूला या दुसऱ्या नजरेची गरज व्यावसायिक खेळाडूपेक्षा जास्त आहे, असं मी ठामपणे म्हणेन. व्यावसायिक खेळाडू लहानपणापासून कुणाच्या तरी देखरेखीखाली वाढतो. आपण दिवसभर खुर्चीत बसतो आणि रविवारी सकाळी तीन सेट खेळतो.

दुसरा गैरसमज दमाचा. मी दम वाढवण्यासाठी रोज पाच किलोमीटर पळायचो. टेनिसचा पॉइंट बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपतो. नियमाने दोन पॉइंटांमध्ये 25 सेकंदांपर्यंत आणि बाजू बदलताना 90 सेकंद मिळतात. त्या थोड्या सेकंदांत आपण तीन-चार वेळा दिशा बदलतो, थांबतो, पुन्हा सुटतो. एका लयीत लांब पळून ही सवय लागत नाही. आंद्रे अगासीला हेच गिल रेयेस यांनी समजावलं. रेयेस टेनिसचे नव्हते. ते लास व्हेगासच्या विद्यापीठात खेळाडूंच्या ताकदीचं काम पाहणारे प्रशिक्षक होते. अगासी त्यांच्याकडे 1989 मध्ये गेला आणि 2006 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. रेयेस यांनी त्याच्यासाठी स्वतः व्यायामाची यंत्रं बनवली. जन्मापासून मणक्यात दोष असलेल्या या माणसाने आपल्या आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदांपैकी पाच वयाच्या 29 वर्षांनंतर मिळवली. त्याने मुलाच्या नावातही ‘गिल’ ठेवलं.

माझा व्यायाम दिसायला अगदी साधा होता. एका पायावरचे स्क्वॉट, बाजूला सरकत जाणारे लंजेस, भिंतीवर कमरेतून मेडिसिन बॉल फेकणं, रबर बँड धरून खांदा बाहेर फिरवणं. कोपरासाठी एक किलोचं डंबेल: तळवा खाली, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं आणि मग मनात पाच आकडे मोजत एकट्या दुखऱ्या हाताने खाली सोडायचं. या सावकाश खाली सोडण्यातूनच कंडरा पुन्हा भार सोसायला शिकते. मी एकटा असतो तर दोन आकड्यांत सोडून दिलं असतं. ती शेजारी उभी राहून मोजायची.

पोटऱ्यांकडे तिचं विशेष लक्ष. चाळिशीनंतर नेटकडे अचानक झेप घेताना पोटरीचा आतल्या बाजूचा स्नायू फाटतो. मागून कुणीतरी दगड मारला असं वाटतं. या दुखापतीचं नावच ‘टेनिस लेग’ आहे. म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम रोज, आणि कोर्टावर पाऊल टाकल्यावर थेट सर्व्हिस बंद. आधी दहा मिनिटं बाजूने पावलं टाकणं, हात फिरवणं, छोट्या धावा. ताणून धरून ठेवायचे व्यायाम खेळ झाल्यावर.

रोहन बोपण्णाचं उदाहरण मला इथे जवळचं वाटतं. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, वेदनाशामक गोळ्या रोजच्या. कोविडच्या काळात तो बंगळुरूमध्ये अय्यंगार योगाकडे वळला आणि गोळ्या सुटल्या. जानेवारी 2024 मध्ये, 43व्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरी जिंकलं. त्या योगपद्धतीची मूळ संस्था आपल्या पुण्यात 1975पासून आहे. शरीराकडे पाहणारा जाणकार जिममध्येच भेटेल असं नाही.

मात्र माणूस पारखून घ्यावा. पहिल्याच दिवशी तपासणी न करता छाती-दंडाचं वेळापत्रक हातात देणारा टेनिससाठी उपयोगाचा नाही. प्रमाणपत्र विचारावं, आधी खेळाडूंबरोबर काम केलंय का विचारावं. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर. फी परवडत नसेल तर चौघांनी मिळून एक तास घ्यावा, किंवा पहिले दोन महिने नियमित जाऊन पुढे महिन्यातून एकदा. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टेनिस त्या दोन दिवसांत मोजू नये.

साडेतीन महिन्यांनी माझी कळ थांबली. गेल्या शनिवारी ट्रेनर कोर्टावर आली आणि तिने फोनवर माझी सर्व्हिस टिपली. मग चित्र थांबवून बोट ठेवलं. चेंडू मारून मी डाव्या पायावर उतरतो, तेव्हा टाच धप्पकन आपटते. ‘‘काका, पुढचे सहा आठवडे डावी पोटरी,’’ ती म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं.