पतीचे दुखणे आणि घरातला अबोला

‘शेठजींची कंबर धरली आहे,’ असे मुनीमजी पेढीवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतात. घरी मात्र प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्याचा अहवाल कपाटात साड्यांच्या घडीखाली असतो. बाजारात बातमी फुटली तर पत घसरेल, मुलीच्या स्थळाची बोलणी थांबतील, ही भीती व्यापारी घराण्यांत अगदीच निराधार नसते. पण हे गुपित सांभाळण्याचे ओझे बहुधा पत्नीवर पडते, आणि आजाराविषयी सर्वांत कमी तिलाच सांगितले जाते.

डॉक्टरांच्या खोलीत थोरला मुलगा जातो, जावई जातात; ती बाहेर बाकावर बसते. विषय लघवीचा आणि पुरुषत्वाचा, म्हणून हा संकोच. तो आधी सोडावा लागतो.

हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये हे संप्रेरक रोखून रोगाला लगाम घालता येतो हे दाखवले. 1966 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पसरलेल्या रोगावरील उपचारांचा पाया तोच आहे. ठरावीक अंतराने इंजेक्शन दिले जाते किंवा शस्त्रक्रियेने वृषणे काढली जातात. रोग समूळ जात नाही, पण अनेकांत तो काही वर्षे आटोक्यात राहतो.

या उपचाराची किंमत शरीर मोजते. अचानक अंग तापून घाम फुटतो, थकवा येतो, स्नायू झिजतात, वजन वाढते, कामेच्छा मावळते. एरवी खंबीर असणाऱ्या माणसाचे डोळे क्षुल्लक कारणाने भरून येतात. तो पाठ फिरवून झोपू लागला की तिला वाटते, आपल्यावर रुष्ट आहेत. त्याला वाटते, आता आपण कशाच्याही उपयोगाचे उरलो नाही. दोघेही गप्प राहतात. हे औषधामुळे घडते आहे, एवढे एक वाक्य दोघांनी मिळून डॉक्टरांच्या तोंडून ऐकले असते, तर कित्येक महिन्यांचा अबोला टळला असता.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत वेगळा. अबिरॅटेरॉनच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, तर सोबतचे प्रेडनिसोलोन अन्नाबरोबर. नवकारसी आणि चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने सूर्यास्तानंतर आपण पाणीही घेत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, तर बहुतेक औषधांच्या वेळा दिवसाउजेडी बसवता येतात. रात्रीची वेदनाशामक गोळी मात्र टाळू नये. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतात. त्याविषयी महाराजसाहेबांना विचारण्यात कमीपणा नाही.

एका बाबतीत क्षणाचाही विलंब परवडत नाही. पाठीचे दुखणे एकाएकी वाढले, पायांतले बळ गेले, बधिरता आली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘पर्युषण उरकू दे’, ‘दिवाळीचा सीझन जाऊ दे’ म्हणत थांबलेल्या रुग्णाचे पाय कायमचे जाऊ शकतात.

आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे, आणि आजारी साधूची सेवा त्यात येते. घरातल्या सेवेला तोच शब्द लावताना सेवा करणारी व्यक्ती माणूसच आहे याचा विसर पडतो. सुनेने आठवड्यातून दोन रात्री पतीच्या उशाशी बसून सासूबाईंना झोपू द्यावे. बहिणीजवळ किंवा मैत्रिणीजवळ तिला मोकळेपणी रडता यावे. गुपित किमान एका माणसापाशी तरी उघडावे.

आणि हिशेब. बँकेची खाती, भागीदारीचे कागद, कोणाकडे किती येणे आहे, हे बहुतेक शेठाणींना ठाऊक नसते. दुपारी औषध घेऊन झाले की त्यांनी उधारीची वही घेऊन बसावे. नाव आणि रक्कम पतीने सांगावी, तिने लिहावी. ‘या गृहस्थांना तगादा करू नका, ते स्वतः आणून देतात,’ अशी माहिती वहीत नसते, ती फक्त त्यांनाच असते.