अथेन्स विरुद्ध स्पार्टा : काही पक्के गैरसमज

अथेन्स म्हणजे लोकशाही, नाटक आणि तत्त्वज्ञान. स्पार्टा म्हणजे शिस्त, ढाल-भाला आणि हौतात्म्य. प्राचीन ग्रीसचा इतिहास बहुतेकांच्या मनात या एका जोडीवर उभा असतो. लक्षात ठेवायला ती सोपी आहे, म्हणून टिकली. पण तिच्यामुळे दोन्ही शहरांवर अन्याय होतो आणि बाकीची शेकडो शहरं तर चित्रातूनच पुसली जातात.

गैरसमज : ग्रीस हा एक देश होता आणि त्यातली दोन शहरं आपसांत भांडली.

असा देश त्या काळी नव्हता. काळ्या समुद्रापासून स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत विखुरलेली हजारभर नगरराज्यं होती. देव तेच, भाषा एक. पण कायदा, दिनदर्शिका आणि फौज प्रत्येकाची वेगळी. कॉरिंथ, थीब्ज, अर्गोस, सिरॅक्यूज ही काही दुय्यम गावं नव्हती. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस चालून आला, तेव्हाही सगळे ग्रीक एक झाले नाहीत. अर्गोस स्पार्टाच्या जुन्या वैरापायी बाजूला राहिलं, थीब्ज तर इराणच्या बाजूनं लढलं. विजयानंतर डेल्फीला उभारलेल्या सर्पस्तंभावर लढणाऱ्या शहरांची नावं कोरली गेली. ती भरली अवघी ३१. हा स्तंभ आज इस्तंबूलमध्ये आहे.

गैरसमज : थर्मोपिलीला फक्त ३०० स्पार्टन लढले.

झर्क्सिसला अडवायला थर्मोपिलीच्या खिंडीत सुरुवातीला अनेक शहरांचे मिळून काही हजार सैनिक होते. शेवटच्या दिवशी स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्याबरोबर थेस्पियाचे ७०० जण स्वखुशीनं मागे राहिले आणि मेले. म्हणजे त्या दिवशी स्पार्टापेक्षा या लहानशा गावाची माणसं जास्त पडली. पुढे इराण्यांनी थेस्पिया जाळलं. वर्षभरानं प्लॅटियाच्या रणांगणावर तिथले १८०० लोक आले, पण त्यांच्याकडे जड शस्त्रं उरली नव्हती, असं इतिहासकार हेरोडोटस नोंदवतो. चित्रपटांतून आणि कॉमिक्समधून थेस्पिया असं विसरलं जावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गैरसमज : हे वैर म्हणजे स्वातंत्र्य विरुद्ध हुकूमशाही.

हा सगळ्यांत खोल रुजलेला समज. अथेन्सचा हुकूमशहा हिप्पियास याला इ.स.पू. ५१० मध्ये हाकललं ते स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याच्या फौजेनं. त्यानंतर काही वर्षांतच अथेन्सची लोकशाही आकाराला आली. खुद्द स्पार्टातही एकाची मनमानी नव्हती. दोन घराण्यांतले दोन राजे, साठीपुढच्या २८ ज्येष्ठांचं मंडळ, नागरिकांची सभा, आणि दरवर्षी निवडले जाणारे पाच एफोर. हे एफोर प्रत्यक्ष राजालाही जाब विचारू शकत. स्पार्टन बायकांच्या नावावर जमीन असे. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत जवळजवळ दोन पंचमांश जमीन त्यांच्याकडे गेली होती आणि त्याला ते मुळीच पसंत नव्हतं. अथेन्समध्ये बाईला ना मत होतं, ना स्वतःच्या नावावर मोठा व्यवहार करण्याची मुभा.

पण म्हणून स्पार्टाचं कौतुक करायला जाऊ नये. तिथली सारी शिस्त हेलटांच्या पाठीवर उभी होती. लॅकोनिया आणि मेसेनियातले हे लोक जमीन कसत आणि पिकाचा मोठा वाटा स्पार्टन मालकाला देत. प्लॅटियाला प्रत्येक स्पार्टनामागे सात हेलट होते, असा हेरोडोटसचा आकडा आहे. त्यांना मारण्याचं पाप लागू नये म्हणून एफोर दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. स्पार्टा घराबाहेर पडायला कायम का कचरत होतं, याचं उत्तर हेलट उठतील या भीतीत आहे.

अथेन्सचा पैसाही गुलामांनी लॉरियनच्या खाणीत खणलेल्या चांदीतून आणि मांडलिक शहरांच्या खंडणीतून येई. इराणविरुद्ध स्थापन झालेल्या संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये डेलोस बेटावरून अथेन्सला हलवला गेला. संघातून बाहेर पडू पाहणाऱ्या थॅसोस बेटाचा तट पाडला, जहाजं काढून घेतली. इ.स.पू. ४२७ मध्ये संघातल्याच मायटिलीनी शहराचं बंड मोडलं, तेव्हा अथेन्सच्या लोकसभेनं हात वर करून ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकामुलं विकायची. हुकूम घेऊन जहाज सुटलं. रात्रीत लोकांचं मन पालटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चर्चा झाली आणि थोडक्या मतांनी निर्णय फिरला. मागून दुसरं जहाज निघालं. वल्हेकरी हातातलं वल्हं न सोडता दारू-तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात होते आणि पाळीपाळीनं झोपत होते. सेनापतीनं पहिला हुकूम नुकताच वाचला होता, तेवढ्यात ते पोचलं. तरीही बंडाच्या पुढाऱ्यांना मारलंच. अकरा वर्षांनी मेलोस बेटाच्या वाट्याला तसाच निकाल आला, पण मागून दुसरं जहाज गेलं नाही.

लोकशाही होती म्हणून पुनर्विचार झाला, हे खरं. कत्तलीचा ठरावही त्याच लोकशाहीनं केला होता, हेही तितकंच खरं.

गैरसमज : स्पार्टन कधीच शरण जात नसत.

इ.स.पू. ४२५ मध्ये, अथेन्सशी चाललेल्या युद्धात, पायलॉससमोरच्या स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाच्या बाजूचे ४२० सैनिक कोंडले गेले. त्यातले २९२ जिवंत हाती लागले आणि त्यांत सुमारे १२० अस्सल स्पार्टन नागरिक होते. साऱ्या ग्रीक जगाला याचा धक्का बसला. त्यांच्या सुटकेसाठी स्पार्टा वारंवार तहाची बोलणी करत राहिलं, कारण नागरिकांची संख्या घटत चालली होती. त्या लढाईतली एक काशाची ढाल अथेन्सच्या अगोराच्या उत्खननात सापडली. ती दबलेली, झिजलेली आहे, पण अथेन्सवासीयांनी ती पायलॉसहून लॅकेडेमोनियनांकडून (म्हणजे स्पार्टनांकडून) मिळवली, ही अक्षरं ठोके देऊन उमटवलेली अजून वाचता येतात. अथेन्सला गेलात तर अॅटालोसच्या स्टोआतल्या संग्रहालयात ती जरूर पाहा.

गैरसमज : ऑलिंपिकच्या काळात युद्धं थांबत.

तह होता तो खेळाडू-यात्रेकरूंच्या सुखरूप प्रवासासाठी आणि ऑलिंपियाच्या रक्षणासाठी. बाकीच्या लढाया चालूच असत. इ.स.पू. ४२० मध्ये स्पार्टालाच खेळांतून वगळलं गेलं. इ.स.पू. ३६४ मध्ये तर स्पर्धा चालू असताना देवस्थानाच्या आवारात लढाई झाली.

गैरसमज : ही दोघं कायमची शत्रू होती.

अथेन्सविरुद्धचं सत्तावीस वर्षांचं युद्ध स्पार्टानं जिंकलं ते इराणच्या पैशावर बांधलेल्या आरमाराच्या जोरावर. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स जमीनदोस्त करा, अशी मागणी थीब्ज आणि कॉरिंथनं केली. ती नाकारली स्पार्टानं. पुढे इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला थीब्जनं स्पार्टाचा कणा मोडला. थीब्जचा सेनापती एपामिनोंडास यानं मेसेनियाच्या हेलटांना मोकळं करून त्यांच्यासाठी मेसिनी शहर वसवलं. हेलटांना स्वातंत्र्य दिलं ते थीब्जनं, आणि त्याच मोहिमेत थीब्जविरुद्ध स्पार्टाच्या मदतीला सैन्य धाडलं ते अथेन्सनं.