ओंडक्यांची साल वेळीच काढावी

देवगड तालुक्यातील कातळावरच्या आंबाबागांत मुळांना खोल जाण्यास वाव कमी असतो. त्यामुळे सोसाट्याच्या वाऱ्यात मोठमोठी कलमेदेखील उन्मळून पडतात. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा बागायतदारांना याचा कटू अनुभव आला. अशी पडलेली किंवा वठल्यामुळे तोडलेली झाडे पुष्कळदा सालीसकट बागेच्या कडेला पडून राहतात. त्यापासून दुहेरी हानी होते. लाकूड किडते आणि शेजारच्या उभ्या कलमांना किडीचा उपद्रव वाढतो.

सालीखाली काय घडते?

साल आणि लाकूड यांच्यामध्ये अन्नरसाने भरलेला कोवळा थर असतो. झाड पडल्यावरही तो काही काळ ओला राहतो. लाकूड पोखरणारे अनेक भुंगेरे सालीच्या फटींत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या प्रथम याच थरावर वाढतात. आंब्याचा भिरूड, म्हणजे खोडकिडा, हा त्यांतील सर्वांत घातक होय. त्याचा भुंगेरा सुमारे ५ सें.मी. लांब व करडा असून डोक्यामागील भागावर दोन नारिंगी ठिपके असतात. पूर्ण वाढलेली अळी बोटाएवढी जाड व ८ ते १० सें.मी. लांब भरते. पावसाळ्याच्या आरंभी भुंगेरे बाहेर पडतात आणि दुबळ्या, मरणोन्मुख किंवा नुकत्याच पडलेल्या झाडांकडे वळतात. मे महिन्यात पडलेला सालीचा ओंडका मृगाच्या पावसात बागेतच राहिला, तर तो किडीचे माहेरघर ठरतो.

साल काढल्याने अंडी घालण्याची जागाच नाहीशी होते व लाकूड लवकर वाळते. म्हणून झाड पडल्यापासून शक्यतो पहिल्या आठवड्यातच हे काम उरकावे. मात्र अळ्या लाकडात खोल शिरल्या असतील, तर नुसती साल काढून भागत नाही. असा ओंडका फोडून पावसाळ्यापूर्वी सरपणात संपवावा.

हत्यारे

१. कोयता व कुऱ्हाड : ही घरोघरी असतात. सुरूचे वासे व बारीक फांद्या यांसाठी कोयता पुरेसा होतो. कुऱ्हाडीचा घाव खोल जाऊन लाकूड दुखावते, म्हणून ती जपून वापरावी.

२. सपाट पात्याची पहार : लांब दांड्याच्या टोकाला ५ ते ८ सें.मी. रुंदीचे पटाशीसारखे पाते असते. मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून गावचा लोहार ते घडवू शकतो. ताज्या, जाड सालीसाठी हे उत्तम होय.

३. दोन मुठींचे पाते : दोन्ही टोकांना मुठी असलेले हे पाते स्वतःकडे ओढून चालवितात. खांब व वासे त्याने गुळगुळीत निघतात.

४. वाकस : गाठी व सुकून घट्ट बसलेली साल तासण्यास उपयुक्त.

साखळी करवतीला जोडण्याची साल तासणारी उपकरणेही मिळतात. परंतु चारदोन ओंडक्यांसाठी त्यांची आवश्यकता नाही.

पद्धत

प्रथम फांद्या बुडापाशी साफ कापाव्यात. ओंडका जमिनीपासून उचलून दोन आडव्या लाकडांवर ठेवावा व तो गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंस पाचरी माराव्यात. कुऱ्हाडीने सालीत लांबवर एक चीर पाडावी. चिरेत पहारीचे पाते घालून ते लाकडाला जवळजवळ समांतर धरावे व साल उचकटत न्यावी. पाते शरीरापासून दूर ढकलावे आणि त्याच्या वाटेत दुसऱ्या माणसास उभे राहू देऊ नये. रस चढता असताना साल पट्ट्यांनी सुटते, सुकल्यावर मात्र चिकटते. अशा वेळी मोगरीने ठोकून ती सैल करावी, किंवा ओंडका काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावा.

सोललेले लाकूड उन्हात ठेवल्यास तडकते. म्हणून ते सावलीत, दगडांवर सुमारे ३० सें.मी. उंच, हवा खेळेल असे रचावे. दोन्ही तोंडांना डांबर किंवा शेणमातीचा लेप द्यावा. आंब्याचे लाकूड टिकाऊ नसल्याने ते लवकर चिरून घ्यावे.

सालीची विल्हेवाट

किडलेली साल त्याच दिवशी जाळावी. निरोगी साल उकिरड्यात कुजवावी. सालीखाली दिसणाऱ्या अळ्या कोंबड्या आवडीने टिपतात.

उभ्या झाडांबाबत सावधगिरी

वरील पद्धत केवळ तोडलेल्या लाकडासाठी आहे. जिवंत झाडाची साल सभोवार काढल्यास झाड मरते. खोडातून भुसा बाहेर पडताना दिसल्यास छिद्राभोवतीची मेलेली सालच तेवढी काढावी, तारेच्या आकड्याने अळी ओढून मारावी व जखमेस बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण होय. अधिक माहितीसाठी रामेश्वर येथील आंबा संशोधन उपकेंद्राचा सल्ला घ्यावा.

आंबा, फणस, ऐन व किंजळ ही झाडे वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याखाली येतात. म्हणून उभे झाड तोडण्यापूर्वी परवानगी घेणे अवश्य आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस बागांतून एक फेरी मारावी व सालीसकट पडलेले ओंडके बागायतदारांच्या नजरेस आणून द्यावेत. एका दिवसाच्या श्रमाने वर्षानुवर्षे जोपासलेली कलमे वाचू शकतात.