सावड, इर्जिक आणि अल्पभूधारकाची पत

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील शेतकऱ्याकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढ्याशा तुकड्यासाठी बैलजोडी वर्षभर पोसणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने, एकच बैल असलेला शेतकरी तशाच दुसऱ्याशी सावड करीत आला. म्हणजे दोघांचे बैल एका औताला जुंपून आधी एकाचे, मग दुसऱ्याचे रान नांगरावयाचे आणि मनुष्यबळाची फेडही त्याच रीतीने करावयाची. या देवाणघेवाणीला कोल्हापूर-सांगलीकडे पैरा, तर मराठवाड्यात वारंगुळा म्हणतात. इर्जिक याहून निराळी, कारण तीत अडलेल्या शेतकऱ्याच्या रानात गावातील अनेक औते एकाच दिवशी उतरतात, यजमान सर्वांना जेवू घालतो आणि दिवसास दिवस अशी परतफेड कोणी मागत नाही.

या रीतींमागील आर्थिक निकड भातशेतीत सर्वांत स्पष्ट दिसते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात आणि मावळात आवणी, म्हणजे रोपांची पुनर्लागवड, पावसाच्या भरवशावर चालते. खाचरात पाणी असेतोवर चिखलणी उरकावी लागते, रोपवाटिकेतून उपटलेल्या रोपांच्या मुठी फार काळ ठेवता येत नाहीत आणि दिवस लांबला की रोपे जून होऊन फुटवे कमी येतात. तीन-चार माणसांच्या घराला हे काम वेळेत झेपत नाही, मजुरी द्यावी तर हाती रोकड नसते, कारण मागच्या हंगामाचे धान्य खाऊन संपत आलेले असते. अशा वेळी शेजारच्या घरांतील माणसे आज एकाच्या खाचरात ओणवी राहतात, उद्या दुसऱ्याच्या. कोणाचे किती दिवस झाले आणि कोणाकडे माणूस कमी आले, याचा हिशेब कागदावर नसला तरी प्रत्येक घराला तोंडपाठ असतो, आणि तो चुकविणाऱ्याच्या खाचराकडे पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. अल्पभूधारकाची खरी पत ती हीच होय.

या पतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. सावड बहुधा भावकी आणि जात यांच्या आत जुळते. ज्या भूमिहीनाकडे बदल्यात नांगरून घेण्याजोगे रान नाही, किंवा ज्या विधवेच्या घरी औत धरणारे कोणी नाही, त्यांना तीत जागा मिळणे कठीण जाते. शिवाय श्रमांची उसनवारी सारा भरू शकत नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे चढे भाव कोसळले, त्यातच सारा वाढला, तेव्हा पुणे-नगर भागातील कुणब्याला शेजाऱ्याकडून बैल मिळत होता, पैसा मात्र सावकाराकडूनच घ्यावा लागत होता. मे १८७५ मध्ये सुपे येथे उसळलेल्या उठावात सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा यांनी रोकडीच्या याच प्रश्नाला हात घातला.

शेतकरी स्वार्थी झाला म्हणून सावड मोडली, हा समज उथळ आणि अन्यायकारक आहे. ताशी भाड्याने ट्रॅक्टर मिळू लागल्यावर बैलाला जोडीदार शोधण्याचे कारणच उरले नाही, आणि ते भाडे रोखीने चुकते करावयाचे असल्याने घरातील माणूस शेजाऱ्याच्या रानाऐवजी मजुरीच्या कामावर जाऊ लागला. तरीही सामूहिक श्रम नाहीसे झालेले नाहीत. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यात कांदा लागवड उक्ती घेणाऱ्या, म्हणजे एकराचा दर आधी ठरवून काम पत्करणाऱ्या, स्त्रियांच्या टोळ्या ओळखीपाळखीतून आणि शेजारातूनच उभ्या राहतात. मात्र त्यांच्या कामाचा मोबदला आता दिवसांत नव्हे, रुपयांत चुकता होतो.