लेक म्हणते, मला क्रिकेट खेळायचंय!

घरात मॅच लागली की आपण बायका काय करतो? चहाचे कप फिरवतो, कांदाभजी तळतो आणि मधूनच दारातून डोकावून "किती झाले हो?" एवढं विचारतो. हा खेळ म्हणजे यजमानांचं आणि मुलांचं वेड, अशी आपली वर्षानुवर्षांची समजूत. पण मैत्रिणींनो, आता एखाद्या संध्याकाळी तुमची बारा-तेरा वर्षांची लेकच येऊन म्हणेल, "आई, मला क्रिकेट खेळायचंय!" मग काय उत्तर द्याल? "वेडी आहेस का!" म्हणायच्या आधी, बाहेर काय बदललंय ते जरा बघून घ्या.

एक नाव, दोन संघ

'मुंबई इंडियन्स' हे नाव घराघरात ठाऊक आहे. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हापासूनचा हा संघ. पुरुषांच्या संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच वेळा स्पर्धा जिंकली. त्याच नावाचा महिलांचा संघ २०२३ मध्ये उभा राहिला. त्या हक्कासाठी मालकांनी ९१२ कोटी ९९ लाख रुपये मोजले. आकडा ऐकून चक्कर येते ना? पण मोजणाऱ्याने काही दानधर्म केलेला नाही. मुलींचा खेळ लोक पाहतील, असा त्यात हिशेब आहे.

आणि लोकांनी पाहिलाही. ४ मार्च २०२३ ला नवी मुंबईत पहिला सामना झाला. हरमनप्रीत कौरच्या मुंबईने २०७ धावा केल्या आणि गुजरातचा संघ ६४ धावांत गुंडाळला. त्या वर्षी स्त्रियांना आणि मुलींना मैदानात प्रवेश फुकट होता. २६ मार्चला ब्रेबॉर्न मैदानावर दिल्लीला हरवून मुंबईच्या मुली पहिल्या विजेत्या ठरल्या. २०२५ मध्ये त्याच मैदानावर, पुन्हा दिल्लीविरुद्ध, अवघ्या ८ धावांनी त्यांनी दुसऱ्यांदा ही स्पर्धा जिंकली.

लिलाव म्हणजे काय?

खेळाडूंचा 'लिलाव' म्हटलं की आपल्या कानाला कसंसंच वाटतं. माणसांचा कसला लिलाव? खरं तर बोली लागते ती खेळाडूच्या त्या मोसमातल्या मोबदल्याची. प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम दिलेली असते. २०२३ मध्ये ती १२ कोटी होती. तेवढ्यातच पंधरा ते अठरा जणी घ्यायच्या. म्हणजे आपल्या महिन्याच्या खर्चासारखंच! दिवाळीच्या साडीवर सगळे उडवले, तर वाण्याचं बिल कशातून द्यायचं?

१३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत हा लिलाव झाला. पहिलंच नाव पुकारलं गेलं ते सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचं. बंगळुरूने तिच्यासाठी ३ कोटी ४० लाख दिले. भाऊ सरावाला जातो म्हणून त्याच्यामागे जाणारी ही मुलगी नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात निवडली गेली. तिच्या घरच्यांनी तेव्हा "बॅट दादाची आहे, ठेव खाली!" म्हटलं असतं तर?

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही पाहा. त्या दिवशी यादीत ४०९ नावं होती. घेतल्या गेल्या फक्त ८७ जणी. बाकीच्या मुलीही वर्षानुवर्षं उन्हात घाम गाळून तिथवर आलेल्याच होत्या. वेस्ट इंडीजची हेली मॅथ्यूज पहिल्या फेरीत कुणालाच नको होती. पुढे मुंबईने तिला ४० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. बंगालची साइका इशाक अवघ्या १० लाखांत मुंबईकडे आली आणि तिने १५ बळी घेतले. बाजारातली किंमत आणि अंगातलं कसब नेहमी जुळतंच असं नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

आणि बरोबरी? ती अजून यायची आहे. ज्या वर्षी मुलींच्या संघाला १२ कोटी होते, त्याच वर्षी पुरुषांच्या संघाला ९५ कोटी होते. देशासाठी खेळताना मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांचं सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख आणि वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख.

आपल्याकडे काय?

"ते सगळं मुंबई-पुण्याचं हो! आमच्या संभाजीनगरात कुठलं आलंय?" असं म्हणाल, तर थांबा. आपल्या शहरात जन्मलेला इक्बाल सिद्दीकी २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून कसोटी खेळला. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा सहा संघांत 'छत्रपती संभाजी किंग्ज' हा आपल्या शहराच्या नावाचा संघ होता आणि त्याचा प्रमुख खेळाडू होता तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. सामने मात्र सगळे पुण्याजवळ गहुंज्याला झाले. २०२५ मध्ये त्याच धर्तीवर मुलींची स्पर्धा झाली. रत्नागिरी जेट्सने तर मुंबईसारखे दोन्ही संघ उभे केले आणि मुलींच्या संघाची धुरा स्मृतीकडे दिली. मुलींच्या त्या चार संघांत आपल्या शहराचं नाव नव्हतं. ही रुखरुख आहेच. पण संघ वरून पडत नाहीत. आमखास मैदानावर आणि गारखेड्याच्या क्रीडा संकुलात मुली दिसायला लागल्या, तर नाव आज ना उद्या येईलच.

सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेचं उदाहरण घ्या. भालाफेक, गोळाफेक करणारी ही मुलगी. महाराष्ट्राकडून नव्हे, तर नागालँडकडून खेळताना २०२२ मध्ये तिने वीस षटकांच्या सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशच्या संघातून ती मैदानात उतरली, तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. धोनीच्या नावाची अक्षरं आणि ७ हा आकडा तिने हातानेच लिहिला होता. त्याच बॅटने अर्धशतक ठोकलं!

आईने एवढं बघावं

* लेकीला जड बॅट देऊ नका, मनगट दुखावतं. पॅड, ग्लोव्ह्ज दादाचे जुने चालतील. हेल्मेट मात्र मापाचं हवं, आणि त्यावर एकदा जोराचा चेंडू बसला तर ते बदलाच.

* मराठवाड्याच्या उन्हात सराव सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच. बरोबर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. डब्यात भाकरी, उसळ, दही. मधल्या वेळी शेंगदाणा-गुळाचा लाडू. बिस्किटांवर खेळाडू घडत नाही.

* पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. मैदानावर स्वच्छतागृह आहे का, तिथे पाणी आहे का, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा.

* कपड्यांचा प्रश्न मोठा, त्यात आपल्याकडे नळाला पाणी रोज नाही! काळ्या मातीचा चिखल लागला तर आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका आणि मग भिजवा. निम्म्या पाण्यात काम होतं.

* "इतके पैसे भरा, निवड करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. निवड होते ती महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या चाचण्यांतून, वयोगटाप्रमाणे.

* शाळा सोडू देऊ नका. संघाशी करार एका मोसमाचा. पुढच्या मोसमात बोलावणं येईलच असं नाही. आजवर अनेक मुलींना खरा आधार दिला तो रेल्वेच्या नोकरीने, आणि तिथेही शिक्षण विचारतात.

उत्तर काय द्यायचं?

१९७३ मध्ये पुण्यात मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते फक्त तीन. पुढची कित्येक वर्षं मुली स्वतःचं सामान स्वतः उचलून आगगाडीने सामन्यांना जात. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुली विश्वविजेत्या झाल्या. या बावन्न वर्षांत कितीतरी आयांनी भाकऱ्या बांधून दिल्या असतील आणि शेजारणींचे टोमणे गिळले असतील.

तुमची लेक कोटींच्या बोलीपर्यंत पोचेलच असं नाही. बहुतेकजणी पोचत नाहीत. पण ताठ मानेने चालणं, हरून पुन्हा उभं राहणं, दहा जणींबरोबर जमवून घेणं हे तर ती शिकेलच. सासरी असो की नोकरीत, हे कुठे वाया जातं का? तेव्हा तिने विचारलं, तर एवढंच म्हणा, "खेळ. पण अभ्यास सांभाळून." आणि पुढची मॅच लागली, की भजी यजमानांना तळू द्या. तुम्ही लेकीशेजारी बसा!