हात लावा, हुंगा, चुरगाळा!

फाटकातून आत शिरल्या शिरल्या मुलं पेंग्विनच्या दिशेने सुटतात. सुटू देत. पण भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली ती झाडांसाठी. प्राणी नंतर आले. त्यामुळे शाळेच्या सहलीतला निदान एक तास झाडांच्या नावाने राखून ठेवावा, आणि त्या तासात ‘हात लावू नका’ हे वाक्य कोणी उच्चारू नये. नियम एकच : झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं सगळं आपलं. ताजं पान हवंच असेल तर माळीकाकांकडे मागायचं.

सुरुवात कैलासपतीपासून करा. या झाडाची फुलं शेंड्याला लागत नाहीत, थेट खोडातून निघालेल्या लोंबत्या फांद्यांवर येतात, त्यामुळे बुटक्यातल्या बुटक्या मुलालाही ती नीट दिसतात. खाली पडलेलं एक फूल तळहातावर घ्या. जाड, मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचं वर्तुळ आणि त्यावर वाकलेला फणा. आपण त्यात महादेवाची पिंडी आणि नाग पाहतो. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. आता भिंग लावा. पराग फण्यातही आहेत आणि वर्तुळातही, पण दोन्हींचं काम वेगळं. फण्यातले पराग निव्वळ खाऊ, त्यांपासून बी धरत नाही. भुंगा तो खाऊ गोळा करत असताना वर्तुळातले खरे पराग त्याच्या अंगाला चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोचतात. एवढं सगळं एका पडलेल्या फुलात! मात्र फळाखाली रेंगाळू नका, ते तोफगोळ्याएवढं असतं आणि फुटलं की असा वास सुटतो की मुलं वर्षभर विसरत नाहीत.

उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. इथे नेमकं तेच करायचं. पिकून पडलेलं उंबर नखाने उघडा. आत गर्दी करून बसलेली असतात ती फुलं, शेकड्यांनी. उंबराला फूल दिसत नाही, कारण ते आत असतं. इवलीशी गांधीलमाशी टोकाच्या चिंचोळ्या भोकातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. ती परागीकरण करते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या पोटच्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेर पडायची वाट कोरून देतात आणि ते उंबर हेच त्यांचं सगळं जग असतं. माद्या पराग घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधायला. पाचवी-सहावीच्या वर्गाला ही गोष्ट सांगून बघा. हातात फोडलेलं उंबर असलं की मागच्या रांगेतली मुलंही पुढे येतात.

लिंबू, बेल आणि कढीपत्ता यांचं एकेक पान उन्हाकडे धरा. तिन्हींत टाचणीने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. वास तिथूनच येतो आणि तिघं एकाच कुळातले आहेत याची ती खूणही. शेजारी आंब्याचं पान धरून बघा, ठिपके नाहीत.

सागाचं कोवळं पान तळहातांमध्ये चोळा. पान हिरवं, हात लाल! यावर काही समजावून सांगायची घाई करू नये. आधी मुलांना एकमेकांचे हात बघू द्यावेत.

उर्वशी हे मूळचं म्यानमारचं झाड, रानात आता अतिशय दुर्मीळ. राणीबागेत ते आहे. फुलं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला बघावीत, पण मला त्याची कोवळी पालवी जास्त आवडते. ती हिरवी नसते, ताठही नसते; तपकिरी-गुलाबी झुबके दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या रुमालांसारखे लोंबत असतात. बोटांत धरलं तर जीवच नाही असं वाटतं. काही दिवसांनी तेच पान हिरवं होतं आणि कडक होऊन उभं राहतं. आपल्या सीतेच्या अशोकाची पालवीही अशीच लोंबते.

गोरखचिंचेला मुलांनी हात धरून वेढा घालावा. हे आफ्रिकेतलं झाड मऊ लाकडाच्या खोडात पाणी साठवतं. फुलं संध्याकाळी उमलतात, वटवाघळं त्यांच्याकडे रात्री येतात, म्हणून दिवसा आपल्या वाट्याला मलूल फुलंच येतात. सहली सहसा डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि तेव्हा या झाडावर बहुधा पानं नसतात. माझं शाळांना कळकळीचं सांगणं आहे : एक फेरी पावसाळ्यातही काढा.

आल्याआल्या एखाद्या पानांच्या डहाळीवर पारदर्शक पिशवी बांधून ठेवा. डबे खायच्या वेळेपर्यंत आतून पाण्याचे थेंब धरलेले असतात. झाडाने मुळांतून ओढून पानांतून हवेत सोडलेलं ते पाणी. पिशवी सोडून घरी न्यायला विसरू नका.

आणि लाजाळू. तिला स्नायू नाहीत. देठाच्या बुडाशी फुगीर भाग असतो, तिथल्या पेशींतलं पाणी झटकन सरकतं आणि पान मिटतं. पुन्हा उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. सुमारे २०० वर्षांपूर्वी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ देफोंतेन यांच्या सांगण्यावरून त्यांचा एक विद्यार्थी लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत घालून पॅरिसभर हिंडला होता. पहिल्या धक्क्यांना सगळी पानं मिटली. गाडी दगडी रस्त्यावर खडखडतच होती, तरी थोड्या वेळाने ती एकेक करून उघडली : लाजाळूला धक्क्यांची सवय झाली होती. परतीच्या बसमध्ये एक कुंडी मांडीवर घ्या आणि कितव्या स्पीडब्रेकरला ती मिटायची थांबते ते मुलांना मोजू द्या.