प्रार्थनेत व्यत्यय आणि पत्रकाराचा कॅमेरा

रविवार, १८ जानेवारी २०२६. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात ‘सिटीज चर्च’मध्ये प्रार्थना चालू असताना आंदोलक आत शिरले आणि घोषणा देऊ लागले. स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या ‘आइस’ या सरकारी यंत्रणेच्या स्थानिक कार्यालयाचा प्रमुखच या चर्चमध्ये पास्टर आहे, हा त्यांचा राग होता. अकराच दिवसांपूर्वी शेजारच्या मिनिआपोलिसमध्ये आइसच्या अधिकाऱ्याच्या गोळीने एका महिलेचा जीव गेला होता. सीएनएनचे माजी निवेदक डॉन लेमन यांनी चर्चमधला हा सगळा प्रकार थेट प्रक्षेपित केला, आंदोलकांना आणि चर्चच्या मंडळींनाही प्रश्न विचारले. महिनाअखेरीस त्यांना लॉस एंजलिसमध्ये अटक झाली. मिनेसोटातल्या एका स्वतंत्र पत्रकार महिलेलाही पकडलं गेलं. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं कायद्याला धरून नाही.

गैरसमज : पत्रकाराला बातमीसाठी कुठेही जाता येतं.

वस्तुस्थिती : अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत वृत्तपत्रस्वातंत्र्याचा नावानिशी उल्लेख आहे, पण त्यातून प्रवेशाचा परवाना मिळत नाही. ‘ब्रान्झबर्ग विरुद्ध हेज’ खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जिथे सामान्य माणसाला मज्जाव आहे तिथे पत्रकारालाही जादा हक्क नाही. बातमी मिळवण्याला घटनेचं काहीच संरक्षण नाही असं मात्र नव्हे, हेही त्याच निकालात आहे. पुढचा धडा तर सेंट पॉलच्याच वर्तमानपत्राने घेतला. तिथल्या ‘पायोनियर प्रेस’ने आणि मिनिआपोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ने एका राजकीय प्रचारकाला नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला. संपादकांनी तो मोडून नाव छापलं आणि त्याची नोकरी गेली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की जो कायदा सगळ्यांना सारखा लागू आहे तो छापखान्याच्या दाराशी थांबत नाही. अतिक्रमणाचा कायदा हा असाच सगळ्यांचा कायदा आहे.

गैरसमज : चर्चचं दार सगळ्यांना उघडं असतं, म्हणजे ती सार्वजनिक जागा झाली.

वस्तुस्थिती : ती खासगी जागा आहे. दार उघडं असतं ते उपासनेसाठी. जागेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने ‘बाहेर जा’ म्हटल्यावर थांबणारा माणूस अडचणीत येतो, मग त्याच्या हातात फलक असो, माइक असो की बायबल. पदपथाची गोष्ट वेगळी. तिथे उभं राहून चित्रण करण्याचा हक्क भक्कम आहे.

गैरसमज : आंदोलकांबरोबर आत गेला, म्हणजे पत्रकारही कटात सामील.

वस्तुस्थिती : खरा वाद इथेच आहे. या प्रकरणात दोन कायदे लावले गेले. पहिला १९९४ चा. तो मुख्यतः गर्भपात केंद्रांबाहेरच्या दांडगाईला आळा घालण्यासाठी आला, पण त्यात प्रार्थनास्थळांचंही कलम आहे. प्रार्थनास्थळासाठी त्याचा वापर आजवर फार क्वचित झाला. बळ, धमकी किंवा शारीरिक अडवणूक वापरून कुणाच्या उपासनेत हेतुपुरस्सर अडथळा आणला, तर तो गुन्हा ठरतो. शांततापूर्ण अभिव्यक्तीला हा कायदा लागू नाही, हे त्याच्याच मजकुरात लिहिलेलं आहे. दुसरा कायदा नागरिकांच्या हक्कांविरुद्ध कट करण्याचा. त्याचं मूळ १८७० सालात, कू क्लक्स क्लानच्या दहशतीविरुद्धच्या लढ्यात. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कट सिद्ध करायचा तर संगनमत दाखवावं लागतं. मोर्चा कुठे जाणार हे आधी कळलेलं असणं म्हणजे संगनमत नव्हे. तसं धरलं तर मोर्चाचं निमंत्रण वृत्तकक्षात पोचलेला प्रत्येक वार्ताहर आरोपी होईल. मात्र पत्रकाराने बेत आखायला मदत केली, घोषणांना साथ दिली, कुणाची वाट अडवली, तर गळ्यातलं ओळखपत्र त्याला वाचवणार नाही. लेमन यांनी असं काही केलं असं सरकारचं म्हणणं आहे. आपण वार्तांकनच करत होतो असं ते म्हणतात. चर्चमधल्या माणसांना प्रश्न विचारणं त्या क्षणी कितीही उद्धट वाटलं तरी उद्धटपणा हा गुन्हा नाही.

माझं मत विचाराल तर अतिक्रमणाचा साधा खटला समजण्यासारखा होता. वार्ताहराला दहा वर्षांच्या कैदेचं कलम लावणं हा अतिरेक आहे. १९९८ च्या ईस्टरला इंग्लंडच्या कँटरबरी कॅथीड्रलमध्ये पीटर टॅचेल या कार्यकर्त्याने तर आर्चबिशपचं प्रवचनच अडवलं होतं. तो वार्ताहर नव्हता, थेट आंदोलक होता. १८६० च्या कायद्याखाली तो दोषी ठरला आणि दंड झाला अठरा पौंड साठ पेन्स. दंडाचा आकडा ठरवताना मॅजिस्ट्रेटला कायद्याचं साल आठवलं असावं.

गैरसमज : ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले, म्हणजे तथ्य असणारच.

वस्तुस्थिती : ग्रँड ज्युरी म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ. तिच्यापुढे बाजू मांडतो तो फक्त सरकारी पक्ष. आरोपीचा वकील तिथे नसतो. लेमन यांच्या अटकेच्या वॉरंटवर सही करायला एका मॅजिस्ट्रेटने आधी नकार दिला होता. ग्रँड ज्युरीचा मार्ग त्यानंतरचा.

गैरसमज : आंदोलन बेकायदा होतं, तर त्याचं चित्रण दाखवणंही बेकायदा.

वस्तुस्थिती : नाही. इथेही मिनेसोटाच आठवतं. तिथल्या एका द्वेषमूलक साप्ताहिकावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९३१ साली उठवली. मजकूर हीन असला तरी छापण्याआधीच तोंड दाबता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. दुसऱ्याने बेकायदा मिळवलेली, पण लोकहिताची खरी माहिती प्रसिद्ध केली म्हणून प्रसारकाला दोषी धरता येणार नाही, हे २००१ च्या निकालाने सांगितलं. म्हणजे बातमी मिळवताना पायरी चुकू शकते, पण तेवढ्यावरून बातमी गुन्हेगार ठरत नाही.

गैरसमज : आपल्याकडे पत्रकारांना घटनेने वेगळं संरक्षण दिलं आहे.

वस्तुस्थिती : भारताच्या घटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्य असा शब्दही नाही. नागरिकाला जो अभिव्यक्तीचा हक्क आहे त्यापलीकडे वृत्तपत्राला वेगळा हक्क नाही, अशी बाबासाहेब आंबेडकरांची संविधान सभेतली भूमिका होती. पुण्याच्या ‘सकाळ’ने वृत्तपत्रांच्या किमती आणि पानांवरच्या सरकारी बंधनांविरुद्ध १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात लढाई जिंकली, तीही कलम १९(१)(क) मधल्या याच सर्वांच्या हक्कावर. उपासनेत जाणूनबुजून व्यत्यय आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०० लागू होतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पत्रकारासाठी त्या कलमात ना सूट आहे, ना जादा शिक्षा.